शाश्वत शेतीचं प्रमाणपत्र पंधरा दिवसांत मिळतं का?

मिरचीवाला

नमस्कार मंडळी. ११ एकर मिरची आहे. चार वर्षं एकच खरेदीदार माल उचलतोय, पैशाला कधी मागेपुढे केलं नाही. आता त्यांचा मेल आलाय की पुढच्या हंगामापासून माल ‘पडताळणी झालेल्या शाश्वतता प्रमाणपत्रा’सह हवा. कुठलं प्रमाणपत्र ते लिहिलेलं नाही. फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, “नावाजलेलं कुठलंही चालेल.”

ओळखीतून एक सल्लागार भेटले. म्हणाले, पंधरा दिवसांत हातात देतो. वर्षभराच्या फवारणीच्या नोंदी आमची माणसं लिहितील, तुम्ही फक्त सह्या करा. वडील म्हणतात देऊन टाक पैसे, ब्याद मिटेल. माझं मन धजत नाही. आणि मुळात आम्ही रासायनिक औषधं मारतो. मग आमची शेती शाश्वत म्हणून कोण लिहून देईल? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

वहीवाल्या काकू

सह्या करू नकोस रे बाबा. आधी ते सांगते, बाकीचं मग.

आमच्याकडे ग्लोबलगॅप आहे, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतींचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, सहावं वर्ष. वही मी सांभाळते, शेत हे सांभाळतात, आणि भांडण वहीवरूनच होतं. तुझ्या सल्लागारासारखाच एक आमच्या शेजारच्यांना भेटला होता. त्यांची वही बघितली मी. वर्षभराच्या फवारण्या एकाच पेनाने, एकाच अक्षरात, पानावर मातीचा एक डाग नाही. ऑडिटरने काही आरडाओरडा केला नाही. शांतपणे औषधांच्या पावत्या मागितल्या. वहीत फवारणी ४ तारखेची, त्याच औषधाची पावती ९ तारखेची. विकत आणायच्या पाच दिवस आधीच मारलं होतं म्हणायचं! मग कपाट उघडायला लावलं. पाच लिटर आणलं, वहीप्रमाणे तीन लिटर वापरलं, तर दोन लिटर कुठाय? झालं, तिथेच संपलं.

ते लोक असंच बघतात. कागदाला कागद लावून, आणि मग कागदाला शेत लावून. काढणी किती, विक्री किती, याचाही मेळ घालतात. विक्री जास्त निघाली तर बाहेरचा माल तुमच्या नावावर गेला असा अर्थ होतो.

पंधरा दिवसांचं म्हणशील, तर पहिल्या तपासणीच्या वेळी निदान तीन महिन्यांच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात. शिवाय तोडा चालू असताना बघायला यायचं असतं. म्हणजे तुझ्या पिकाच्या वेळापत्रकावर तारीख ठरते, सल्लागाराच्या नाही. त्याआधी त्यांच्याच यादीवरून आपण आपली तपासणी करून ठेवायची. ती प्रामाणिकपणे केलीस तर अर्धं काम तिथेच होतं.

रासायनिक औषधाचं म्हणशील, तर सेंद्रिय आणि शाश्वत यांची गल्लत होतेय तुझी. सेंद्रियमध्ये रासायनिक खत-औषध बंद, आणि जमीन पालटायला हंगामी पिकाला साधारण दोन-तीन वर्षं जातात. इथे औषध चालतं, पण त्या पिकावर नोंदणी असलेलंच, लेबलवरच्या मात्रेत, आणि का मारलं ते लिहून. ‘शेजाऱ्याने मारलं म्हणून’ हे कारण चालत नाही. कीड किती दिसली, कधी दिसली, आधी सापळे वगैरे काय केलं, ते हवं. फवारणी आणि तोडा यांच्यातले दिवस पाळले का, हे तर पहिल्यांदा बघतात. मिरचीत तुला तेच जड जाणार, कारण तोडे सारखे चालू असतात. कोणतं औषध कोणत्या तोड्यानंतर, हे आत्ताच मांडून ठेव.

मी स्वतः कशात अडकले सांगू? दुसऱ्या वर्षी औषधांच्या खोलीत द्रव औषधाचे कॅन वरच्या फळीवर आणि पावडरी खाली ठेवल्या होत्या. कॅन गळला तर खालच्या पावडरीवर पडणार. उलटं हवं. शिवाय पंपाच्या नोझलमधून मिनिटाला किती पाणी पडतं ते मोजलं होतं, लिहिलं नव्हतं. दुरुस्तीला २८ दिवस दिले. कॅन खाली घ्यायला दहा मिनिटं लागली. नोझलवरून मात्र आमच्याकडे आठवडाभर अबोला होता, कारण “मोजलंय ना, मग लिहायचं कशाला?”

आणि एक. ऑडिटर मालकाशी कमी बोलतो. तोडा करणाऱ्या बाईला बाजूला घेऊन विचारतो, हात कुठे धुता, संडास कुठे, कालच्या फवारलेल्या रानात आज पाठवतात का. तिला उत्तर पढवून ठेवता येत नाही. पाणी, साबण, संडास खरोखर असावं लागतं.

जुना_तपासनीस

काकूंनी बहुतेक सांगितलंच. मी नऊ वर्षं दुसऱ्या बाजूला होतो म्हणून दोन गोष्टी जोडतो.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आयएसओ १७०६५ या त्यांच्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चालतात. जी संस्था प्रमाणपत्र देते तिने त्याच शेतकऱ्याला सल्ला विकायचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. त्यामुळे ‘सल्लाही आमचा, प्रमाणपत्रही आमचंच’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. स्वतंत्र सल्लागार घ्यायला हरकत नाही, पण निकालाची हमी त्याच्या हातात नसते.

दुसरं, ‘कुठलंही चालेल’ यावर विश्वास ठेवू नका. उसाला बॉन्सुक्रो, कापसाला बेटर कॉटन, सोयाबीनला आरटीआरएस, अशा पिकापिकाच्या वेगळ्या प्रमाणपत्र-योजना आहेत. कॉफी-कोकोवाले रेनफॉरेस्ट अलायन्स मागतात. काही प्रक्रिया कंपन्यांना एफएसए, म्हणजे शेतीच्या शाश्वततेचं मूल्यांकन, हवं असतं, त्यात कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या आहेत. एकाची तयारी केली आणि खरेदीदाराला दुसरंच हवं होतं, असे लोक मी पाहिलेत. योजनेचं नाव, आवृत्ती, आणि शेतकरी एकेकटा की गटात, हे लेखी मागा.

वहीत चूक दिसली तर ती खोडून, बाजूला सही करून सुधारलेली असावी. आम्हाला असल्या पानाचा धीर वाटायचा. फार स्वच्छ वही दिसली की मी पावत्या आधी मागायचो.

बांधाच्या_पल्याड

सगळं बरोबर, पण पैशाचं कोणी बोलत नाही. तपासणीची फी दरवर्षी, कारण ग्लोबलगॅपचं प्रमाणपत्र वर्षभराचंच. त्यात पाण्याची, मालातल्या औषध अंशाची प्रयोगशाळेची बिलं. खोली, कुलूप, संडास हे एकदाच, पण आधी. खरेदीदार भाव वाढवून देतो का, ते विचारलं का? आमच्याकडे भाव तोच राहिला, फक्त माल नाकारला जायचा थांबला. त्यालाही किंमत आहे म्हणा.

११ एकरांना गट परवडेल, म्हणजे अनेक शेतकऱ्यांनी मिळून एकच प्रमाणपत्र घ्यायचं. ३६ जण असाल तर बाहेरचा तपासनीस सगळ्यांकडे जात नाही, साधारण वर्गमूळाइतक्या, म्हणजे ६ शेतांवर जातो. पण गटाने स्वतःचा अंतर्गत तपासनीस नेमून ३६ च्या ३६ शेतं दरवर्षी बघायची असतात. आणि एकाचा घोटाळा निघाला की सगळ्यांचं प्रमाणपत्र टांगणीला. माझा गट अशाच एका सदस्यापायी मोडला. तेव्हा माणसं निवडून घ्या, नातेवाईक म्हणून नको.

मिरचीवाला

सगळ्यांचे आभार. लेखी विचारलं तर उत्तर आलं: ग्लोबलगॅप, भाज्यांसाठी. सल्लागारांना तपासनीसदादांचा प्रश्न विचारला, की प्रमाणपत्र देणारी संस्था कोणती. म्हणाले, “ते आमचं आम्ही बघू.” मग मीही माझं बघतो म्हटलं. ते रागावले, वडीलही रागावले.

भावाचं विचारलं. जादा काही नाही, पण तीन वर्षांचा करार करायला तयार आहेत. गटासाठी पाच जण डोळ्यासमोर आहेत, त्यातला एक चुलतभाऊ. काकू, सुरुवात नेमकी कुठून करू? तोडा सुरू व्हायला साडेचार महिने आहेत.

वहीवाल्या काकू

वेळ आहे मग. गटाचं या वर्षी राहू दे, पाच जणांत ते अंतर्गत तपासणीचं लचांड झेपायचं नाही. एकटा कर, पुढच्या वर्षी बघ.

उद्या सकाळी औषधांची खोली रिकामी कर. सगळं अंगणात मांड. मुदत संपलेलं, लेबल गेलेलं, दुसऱ्याच बाटलीत ओतलेलं वेगळं काढ. जे उरेल त्याची यादी, प्रत्येकाचं किती शिल्लक आहे त्यासकट. वहीचं पहिलं पान तेच. मग शेताचा नकाशा हाताने काढ, प्रत्येक तुकड्याला नंबर दे, आणि विहिरीचं पाणी तपासायला पाठव. रिकामे डबे तीनदा धुवून, भोकं पाडून एका जागी. त्यात पाणी प्यायला किंवा धान्य ठेवायला कोणी घेत असेल तर आजच थांबव.

वही वडिलांच्या हाती देऊ नकोस, पण फवारणीनंतर सही त्यांच्याकडूनच घे. आमच्याकडे अबोला त्यानेच संपला. आणि पेन दोरीने खोलीच्या दाराला बांध, नाहीतर रात्री आठवून लिहायला बसशील.