मदत हवी आहे: हेलिकॉप्टरपुढची तार लायडारला दिसते, पण गाळणीत गळून जाते

नमस्कार मंडळी,
कमी उंचीवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरला पुढचे अडथळे वेळेत कळावेत, अशा एका प्रकल्पावर मी काम करतेय. नाकाखाली लायडार आहे, म्हणजे लेझर किरण सोडून परतणाऱ्या उजेडावरून अंतर मोजणारं यंत्र; प्रत्येक परतीचा एक बिंदू मिळतो. त्याच्या बिंदूंमधून अडथळे ओळखायचं काम माझ्याकडे. झाडं, इमारती, मनोरे नीट सापडतात. गाडी अडलीय ती तारांवर, आणि घात करतात त्या ताराच.

आमच्याबरोबरचे वैमानिक पहिल्याच दिवशी म्हणाले, "तार शोधू नका, खांब शोधा. ओलांडायचंच तर खांबाच्या डोक्यावरून." सर्वांत वरची अर्थ वायर (विजेपासून लाइन वाचवणारी, जमिनीला जोडलेली तार) बाकीच्या तारांपेक्षा बारीक असते, नजर खालच्या जाड तारांवर खिळते आणि वरची निसटते. पण खांबच झाडीत लपला असेल तर?

आमच्या किरणाचा फैलाव १ मिलिरेडियन आहे, म्हणजे ५०० मीटरवर ठिपका अर्धा मीटर रुंद. तार १ सेंटिमीटरची. ठिपक्यातला जेमतेम अडीच टक्के उजेड तिच्यावर पडतो, बाकीचा पुढे निघून जातो. ताशी २१६ किलोमीटर वेगाने हे अंतर ८ सेकंदांत संपतं.

काल एक रेकॉर्डिंग फ्रेम-फ्रेम (लायडारची एकेक फेरी) करून पाहिलं. तारेचे बिंदू पहिल्या फ्रेममध्ये ३, दुसरीत २, तिसरीत ४. शेजारी पाच बिंदू नसले की माझी गाळणी ते गोंगाट म्हणून फेकते. अट सैल केली तर धूळ आणि पक्षीही इशारे देतात; असे चार खोटे इशारे झाले की वैमानिक यंत्रावर विश्वास ठेवणार नाही. तिन्ही फ्रेम एकत्र केल्या तर ओळ न दिसता नुसते शिंतोडे दिसतात.

रडारचा विचार केला होता, पण तार त्याच्या लहरी आरशासारख्या परतवते. तिरकी असली की फारसं काही परत येत नाही. वीजवाहक तारांभोवतीचं ५० हर्ट्झचं क्षेत्र ओळखणारा सेन्सर बंद लाइनवर गप्प बसतो. तेव्हा लायडारच सुधारायला हवा. कुणी हे केलंय का?

प्रतिसाद:
एका फ्रेमवर निकाल देऊ नका. सेकंदभराचे बिंदू जमिनीच्या संदर्भचौकटीत आणून मग गाळा. तार वरून पाहिली की सरळ रेषा, बाजूने पाहिली की झोळ. म्हणून आधी वरून हफ ट्रान्सफॉर्मने (विखुरलेल्या बिंदूंतून रेषा शोधायची गणिती पद्धत) रेषा शोधा, मग त्या रेषेतल्या उभ्या प्रतलात पॅराबोला, म्हणजे झोळासारखा वक्र, बसवा. धुळीच्या बिंदूंवर असा झोळ सहसा बसत नाही.
शिंतोड्यांसाठी मात्र आधी वेळेचे शिक्के तपासा. नाक सेकंदाला २० अंशांनी फिरत असेल आणि लायडार व जायरोच्या (हेलिकॉप्टरचं वळणं मोजणारा सेन्सर) घड्याळांत १० मिलिसेकंदांचा फरक असेल, तर चूक ०.२ अंशांची. ५०० मीटरवर ती पावणेदोन मीटर होते!

धागाकर्ती:
मनापासून आभार! १४ मिलिसेकंदांचा फरक निघाला. तो काढल्यावर नऊपैकी सात बिंदू एका रेषेत आले आणि झोळही बसला. उरलेले दोन त्याच्या बरेच वर आहेत, ती बहुधा अर्थ वायर. दोन बिंदूंवर पॅराबोला बसत नाही, म्हणून तारा सापडल्या की वर आणखी एक आहेच असं धरून इशाऱ्याची उंची वाढवतेय. ही वाढ किती ठेवावी? कुणी प्रत्यक्ष उड्डाणात आजमावलं असेल तर कृपया सांगा.