बी विंगच्या जाळ्या, पंत आणि पार्किंगमधलं ‘पिसाळलेलं’ पिल्लू

शनिवार, सकाळी ९.१०

सेक्रेटरी सावंत: सर्व सभासदांना कळविण्यात येते की सोमवारपासून बी विंगच्या बाहेरील रंगकामास सुरुवात होत आहे. परांची बांधून झाली आहे. सर्वांनी बाल्कनी व खिडक्यांच्या कबुतरजाळ्या रविवार रात्रीपर्यंत काढून ठेवाव्यात. जाळीवर रंग उडाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही.

नाईककाकू ३०२: सावंत, नळाला गढूळ पाणी येतंय त्याचं काय झालं?

मानसी ४०४: सावंतकाका, आठवडाभर जाळीशिवाय राहणं आम्हाला जमणार नाही. घरात पंत (आमचा बोका) आहे, त्याला दिसत नाही. एरवी तो कठड्यावर चढून जाळीला नाक लावून बसतो. जाळी नसली तर सरळ परांचीवर जाईल. आपण चौथ्या मजल्यावर आहोत.

सेक्रेटरी सावंत: मॅडम, नियम सर्वांना सारखा. मांजर बेडरूममध्ये ठेवावे.

जोशीकाका ४०३: त्याला दिसत नाही?? मला वाटायचं मुद्दाम आमच्या दारातल्या पिंपाला डोकं आपटतो. रात्री साडेदहाला. टणकन आवाज येतो.

मानसी ४०४: काका, ते पिंप तुम्ही मागच्या बुधवारी ठेवलंत. बुधवार-गुरुवार आपटला. शुक्रवारपासून वळसा घालून जातो, काल लक्ष दिलंत तर कळलं असतं. दोन्ही डोळे नाहीत त्याला, पापण्या शिवलेल्या आहेत. लांबून डुलकी काढतोय असं वाटतं.

जोशीकाका ४०३: चार वर्षं शेजारी राहतो आम्ही. सांगायचं की नाही?

मानसी ४०४: सांगितलं की लोक “अरेरे” करतात काका. अरेरेचं त्याला काही होत नाही. पिंप हलवायच्या आदल्या दिवशी सांगितलंत तर होईल.

रोहन ए ७०३: ताई, जन्मापासून असा आहे का?

मानसी ४०४: नाही. २०२१ च्या पावसाळ्यात रिक्षा स्टँडमागे सापडला, पाचेक आठवड्यांचा असेल. कॅट फ्लू झालेला. आपण सर्दी म्हणून सोडून देतो, पण पिल्लांमध्ये त्यातला हर्पिस विषाणू डोळ्याच्या बुबुळावर जखमा करतो, पू धरतो, आणि वेळेत औषध पडलं नाही तर डोळा फुटतो. एक आधीच फुटला होता, दुसरा वाचला नाही. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात दोन्ही काढले. (माणसांचा हर्पिस वेगळा. मांजराचा माणसाला होत नाही, प्लीज कोणी पुढचा मेसेज त्यावर टाकू नका.) रस्त्यावरची जी पिल्लं आंधळी दिसतात त्यातली बरीचशी याच सर्दीने. या सर्दीविरुद्धची ट्रायकॅट लस आठव्या-नवव्या आठवड्यापासून मिळते.

रोहन ए ७०३: मग त्याला शी-शूची जागा, जेवण वगैरे कसं सापडतं?

मानसी ४०४: आणलं तेव्हा पहिले आठ दिवस एकाच खोलीत ठेवला. एका कोपऱ्यात ट्रे, समोरच्या कोपऱ्यात ताटली. ती खोली पाठ झाली, मग हॉल उघडला, मग स्वयंपाकघर. आता पूर्ण घर त्याच्या मिशांत आहे. मिशा फक्त तोंडाला नसतात, पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही असतात, मनगटापाशी. स्टुलाच्या अलीकडे बोटभर थांबतो आणि वळतो, बघत राहावं असं.

तो हरवतो तो माणसांमुळे. कौतुकाने कोणी उचललं, चार खोल्या फिरवलं आणि भलतीकडेच सोडलं, की जागच्या जागी गोठतो. आपल्याला कसं, डोळ्यांवर पट्टी बांधून गरागरा फिरवून सोडावं तसं. म्हणून उचलला तर नेहमी ट्रेपाशीच सोडायचा, तिथून त्याचा हिशेब सुरू होतो. हात लावायच्या आधी हाक मारायची. दारादारात काथ्याचं पायपुसणं टाकलंय, पायाला काथ्या लागला की कळतं खोली बदलली. बाथरूमची बादली झाकलेली, कमोडचं झाकण बंद. बास. यापलीकडे काही करत नाही मी. खेळायला चांदीच्या कागदाचा बोळा, तो खरखरतो. माणसाला वीस हजार हर्ट्झच्या आसपास ऐकू येणं संपतं, त्याचं साठ हजारांच्या पुढे जातं. पाल भिंतीवर सरकली तरी मान वळते.

जोशीकाका ४०३: पाली खातो?

मानसी ४०४: प्रयत्न करतो.

शुभांगी सी १०५: मांजरांचा विषय निघालाच आहे तर. सी विंगच्या पार्किंगमधलं काळं-पांढरं पिल्लू पिसाळलं आहे. दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, मान हलवत राहतं. मुलं तिथेच खेळतात. मी वॉचमनना सांगितलंय, पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून या.

नाईककाकू ३०२: पोत्यात??

ॲड. कदम ए २०४: थांबा. भुकेने-तहानेने हाल होतील अशा जागी प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात, कलम ११ मध्ये गुन्हा आहे.

जोशीकाका ४०३: शिक्षा काय?

ॲड. कदम ए २०४: पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये दंड.

जोशीकाका ४०३: 😂 आपल्या सोसायटीत ओला कचरा सुक्यात टाकला तर जास्त पडतो.

ॲड. कदम ए २०४: हसू नका. मारलं किंवा जायबंदी केलं तर न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद.

शुभांगी सी १०५: मला कायदा नका शिकवू. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. पिसाळलेलं चावलं तर तुम्ही येणार आहात का?

मानसी ४०४: शुभांगी, तुझी भीती चुकीची नाही. रेबीजमध्येही तोल जातो. पण ते पिल्लू मी तीन आठवडे बघतेय, पहिल्या दिवसापासून तस्संच चालतं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की जनावर काही दिवसांतच जातं, तीन आठवडे खाऊन-पिऊन खेळत नाही. वॉचमनमामांना सांग थांबायला, मी खाली जातेय. आणि मुलाला कुठल्याही मांजराने ओरखडलं तरी, माझ्या पंतानेसुद्धा, जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरायची आणि डॉक्टरकडे जायचं. तिथे अंदाज चालवायचा नाही.

सकाळी ११.४०

मानसी ४०४: [व्हिडिओ]

रोहन ए ७०३: अरे हे तर डोलकर आहे! होडीत उभं राहिल्यासारखं चालतंय.

मानसी ४०४: नाव पडलं. बघा, नुसतं बसलेलं असताना हलत नाही. ताटलीकडे तोंड न्यायला लागलं की मान थरथरायला लागते, आणि जितकं जवळ जाईल तितकी जास्त. दुपारी डॉक्टरना दाखवते.

संध्याकाळी ६.२५

मानसी ४०४: डॉक्टरांनी तपासलं. मेंदूचा मागचा भाग, तोल सांभाळणारा लहान मेंदू, त्याची वाढच पूर्ण झालेली नाही. बहुतेक आई गाभण असताना तिला पॅनल्यूकोपेनियाचा (मांजरांचा एक विषाणूजन्य आजार) संसर्ग झाला असणार, तो पोटातल्या पिल्लांच्या लहान मेंदूवर जातो. दुखत नाही, वाढत जात नाही आणि आता त्याच्यापासून दुसऱ्याला होत नाही. बाकी मांजरांइतकंच जगेल, फक्त झोकांड्या खात. पार्किंगमध्ये मात्र नाही जगणार, गाडी मागे घेताना पळता येणार नाही त्याला.

प्राची ए ५०२: मानसीताई, एक विचारू? मला पाचवा महिना आहे. सासूबाई म्हणतात मांजराच्या जवळपासही जायचं नाही, टोक्सो का काहीतरी होतं.

मानसी ४०४: टॉक्सोप्लाझ्मा, एक सूक्ष्म परजीवी असतो. सासूबाई उगाच नाही म्हणत, पण मांजराला पाहून होत नाही ते. ज्या मांजराला नुकताच संसर्ग झालाय त्याच्या शीतून होतं, आणि ती शीसुद्धा बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्ग करण्याजोगी होते. म्हणून ट्रे रोज साफ करायचा आणि तुझ्या घरी असता तर नवऱ्याने करायचा. अर्धकच्चं मटण, न धुतलेली कोथिंबीर, कुंडीतली माती, याकडे जास्त लक्ष दे. बाकी तुझ्या डॉक्टरना विचार.

प्राची ए ५०२: नवऱ्याला स्क्रीनशॉट पाठवला 😄

रोहन ए ७०३: सी विंगच्या गेटवर ती पांढरीशुभ्र निळ्या डोळ्यांची आहे ना, तिला हॉर्न ऐकूच येत नाही बहुतेक. अशी मांजरं बहुतेक बहिरी असतात असं डार्विननेच लिहून ठेवलंय. सगळ्यांनी गाडी काढताना वाकून खाली बघा, हॉर्नवर भरवसा नको.

जोशीकाका ४०३: आमच्या गावी कोणी ट्रे केले नाहीत, लसी केल्या नाहीत. दूधभातावर वाढली मांजरं. एकही आंधळं नव्हतं.

मानसी ४०४: काका, ती दूधभात खाऊन मग उंदीर खात होती. फ्लॅटमधल्याला उंदीर कुठला? मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीत असतं, दूधभात-पोळीत नाही. ते मिळालं नाही तर डोळ्याच्या आतला पडदा (दृष्टिपटल) हळूहळू मरतो, हृदयही बिघडतं. कुत्र्याचं खाद्य घालणाऱ्यांनीही ऐका, त्यातही मांजराला पुरेल इतकं असतंच असं नाही.

नाईककाकू ३०२: माझ्या सोनीला बांगडा उकडून, काटे काढून द्यायचे. तरी गेली तिची नजर.

मानसी ४०४: काकू, सोनीचं मला माहीत नव्हतं.

नाईककाकू ३०२: तू यायच्या आधीची गोष्ट. चौदा वर्षांची होती. एक दिवस सकाळी भिंतीला धडकली. डोळ्यांच्या बाहुल्या ह्या एवढ्या मोठ्या, उजेडातसुद्धा. मला वाटलं मोतीबिंदू, म्हातारपण, बघू पुढच्या आठवड्यात. आठवड्याने नेलं तर डॉक्टरांनी बीपी मोजलं. मांजराचं बीपी मोजतात हेच मला माहीत नव्हतं, छोटा पट्टा बांधतात पायाला. खूप वाढलेलं. किडनीमुळे. त्या दाबाने डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. गोळी दिली अ‍ॅम्लोडिपिन. माझीच गोळी! फक्त तिला इवलासा तुकडा. बीपी उतरलं, नजर आली नाही. म्हणाले त्याच दिवशी आणलं असतं तर कदाचित आली असती.

जोशीकाका ४०३: 🙏

नाईककाकू ३०२: पुढे दीड वर्ष होती. काही अडलं नाही तिचं. मीच पलंग हलवला एकदा दिवाळीच्या साफसफाईत, तेव्हा रात्रभर ओरडली. परत होता तिथे ठेवला सकाळी.

शुभांगी सी १०५: मग ते पिल्लू घ्या ना काकू तुम्ही.

नाईककाकू ३०२: नाही गं बाई. आता नाही. गुडघे गेले माझे.

मानसी ४०४: डोलकर सध्या माझ्या बाथरूममध्ये आहे, पंताला अजून भेटवलेला नाही. दहा-बारा दिवस वेगळाच ठेवणार. नेणाऱ्याला फार काही करावं लागणार नाही. गुळगुळीत लादीवर पाय फाकतात म्हणून रबरी चटई, कमी उंचीच्या कडांचा ट्रे, आणि खाणं जड, खोलगट ताटलीत, जरा उंचावर. नखं मुळापर्यंत कापायची नाहीत, तो नखांनीच धरून चढतो. आणि जुलाब-तापाला घरातलं औषध देऊ नका. पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते.

सेक्रेटरी सावंत: हा ग्रुप सोसायटीच्या कामकाजासाठी आहे. कृपया नोंद घ्यावी.

ॲड. कदम ए २०४: जाळी हे कामकाजच आहे, सावंत. पेंटरला विचारलंत का चौथ्या मजल्याला किती दिवस लागतील?

सेक्रेटरी सावंत: विचारतो.

रविवार, सकाळी १०.०५

सेक्रेटरी सावंत: पेंटरशी बोलणे झाले. ४०४ ची बाल्कनी बुधवारी एका दिवसात दोन्ही हात मारून पूर्ण करण्यात येईल. जाळी बुधवारी सकाळी पेंटर काढेल व संध्याकाळी परत लावेल. इतरांनी असा आग्रह धरू नये.

मानसी ४०४: सावंतकाका, खूप खूप आभार. बुधवारी मी रजा टाकते, पंत बेडरूममध्ये. फक्त पेंटरला सांगा, बेल वाजवू नका, फोन करा. बेल वाजली की तो दाराकडे धावतो.

नाईककाकू ३०२: मानसी, ती रबरी चटई कुठे मिळते? सहज विचारतेय. माझ्याच बाथरूमसाठी.

मानसी ४०४: काकू, संध्याकाळी घेऊन येते. किती बाय किती?

नाईककाकू ३०२: स्वयंपाकघर ते हॉल मोजून सांगते.

जोशीकाका ४०३: मानसी, आमच्याकडे उद्या नवीन चप्पलस्टँड येतोय, दाराबाहेर ठेवणार आहे. डावीकडे ठेवू की उजवीकडे?

मानसी ४०४: उजवीकडे काका. तो डाव्या भिंतीने चालतो.

जोशीकाका ४०३: बरं. पिंप पण आत घेतलं.

सेक्रेटरी सावंत: कॉरिडॉरमध्ये चप्पलस्टँड ठेवण्यास परवानगी नाही. डावीकडेही नाही व उजवीकडेही नाही.