आयर्लंडमधल्या पडक्या चर्चची दफनभूमी गावकरी साफ करणार आहेत, थांबवावं का?

मेघना_क्लेअर
नमस्कार मंडळी. आयर्लंडमध्ये क्लेअर कौंटीतल्या एका खेड्यात मी सहा वर्षं राहते आहे. घरामागच्या रस्त्याने दहा मिनिटं चाललं की एक पडकं मध्ययुगीन चर्च लागतं. छप्पर नाही, दक्षिणेची भिंत अर्धी ढासळलेली, पण पूर्वेच्या भिंतीतली उंच, निमुळती खिडकी शाबूत आहे. सकाळी त्या फटीतून ऊन आत येतं आणि गवतावर उन्हाचा एकच पट्टा पडतो. तो बघायला मी मुद्दाम लवकर निघते. भोवती दफनभूमी आहे, काही शिळा अठराव्या शतकातल्या.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, सेंट पॅट्रिक्स डेच्या आधी, गावकरी मिळून साफसफाई करणार आहेत. आयव्हीची वेल ओढून काढायची, शिळा तारेच्या ब्रशने घासायच्या, कललेल्या सरळ करायच्या, भिंतीच्या भेगांत सिमेंट भरायचं, असा बेत आहे. मलाही बोलावलंय. सगळं मनापासून चाललंय, त्यांचेच पूर्वज तिथे आहेत. पण ऐकल्यापासून माझ्या पोटात गोळा आलाय. मी बाहेरून आलेली, कुठल्या तोंडाने नको म्हणू?

चुनागारा
मेघनाताई, गोळा आला ते बरोबरच आहे. मी जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करतो. आयर्लंडमध्ये नऊ वर्षं झाली, त्यातली बरीच अशाच दफनभूमींत गुडघ्यांवर बसून गेली.

आधी कायद्याचं सांगतो. नॅशनल मॉन्युमेंट्स सर्व्हिस या इथल्या सरकारी स्मारक खात्याचा ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट व्ह्यूअर’ हा नकाशा ऑनलाइन आहे. त्यावर तुमचं चर्च शोधा, बहुधा सापडेलच. नोंदलेल्या स्मारकावर काहीही काम करायचं तर दोन महिने आधी लेखी कळवायचं, असं 1994 च्या दुरुस्ती कायद्याने ठरवलं. आता 2023 चा नवा कायदा टप्प्याटप्प्याने जुन्याची जागा घेतोय, म्हणून आज नेमकं काय लागतं ते कौंटी कौन्सिलच्या हेरिटेज ऑफिसरला विचारा. मालकीही तिथेच कळेल. 1869 च्या कायद्याने चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट पंथाचं सरकारी स्थान गेलं, तेव्हा वापरात नसलेल्या पुष्कळ दफनभूमी आधी स्थानिक मंडळांकडे आणि पुढे कौन्सिलांकडे आल्या. म्हणजे जागा गावाची वाटली तरी कागदावर कौन्सिलची असू शकते.

तारीखही अडचणीची आहे. 1 मार्च ते 31 ऑगस्ट हा पक्ष्यांच्या विणीचा काळ, तेव्हा झाडोरा तोडायला वन्यजीव कायद्याची मनाई असते. गावकऱ्यांना पटवायला हा मुद्दा सगळ्यात सोपा, कारण यात कुणाची चूक काढावी लागत नाही.

आता आयव्ही. एका ठिकाणी लोकांनी चांगल्या हेतूनेच तिचं खोड करवतीने कापलं आणि वाळलेली वेल ओढली. मुळं दगडांच्या सांध्यांत हातभर आत गेलेली होती. वेलीबरोबर जुना चुना भुगा होऊन बाहेर आला, आणि पुढच्या हिवाळ्यात खिडकीवरची कमान खाली बसली. आदल्या उन्हाळ्यात ती मी मोजली होती, 14 दगडांची. गवतात मला नऊ सापडले. एकावर छिन्नीच्या तिरक्या रेघा इतक्या ताज्या होत्या की बोट फिरवलं तर खरखर लागायची. तो दगड हातात घेऊन बराच वेळ तिथेच बसलो होतो. म्हणून सांगतो, वेल फार माजली असेल तर बाहेरची पानं कात्रीने छाटा. खोडाला हात नको, आणि काढायचीच असेल तर चुन्याचं काम जाणणारा गवंडी शेजारी उभा पाहिजे, म्हणजे मोकळा झालेला सांधा तो लगेच भरेल.

सिमेंट तर नकोच. चुन्याने भरलेले सांधे ओल बाहेर सोडतात. सिमेंट तिला आत कोंडतं, मग थंडीत ते पाणी गोठतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. कललेल्या शिळाही तशाच राहू द्या. पडायला आली असेल तर भोवती दोरी लावा आणि कौन्सिलला कळवा.

पैशांची काळजी असेल तर 2020 पासून कम्युनिटी मॉन्युमेंट्स फंड आहे, अर्ज कौन्सिलमार्फत जातो.

रानवाट
ब्रश नाही तर अक्षरं वाचायची कशी? आमच्याकडे एकांनी शिळेवर पीठ चोळलं होतं.

चुनागारा
पीठ, खडू, दाढीचा फेस, काहीच नको. अंधार पडल्यावर जा आणि टॉर्च शिळेच्या कडेला जवळजवळ टेकवून उजेड आडवा पाडा. दिवसा कोरी दिसणारी शिळा अचानक बोलायला लागते. तसाच फोटो काढा. आणि त्यावरचं दगडफूल खरवडू नका, त्याच्याबरोबर दगडाची कातडीही निघते.

मेघनाताई, एक विचारायचं राहिलं. उत्तरेच्या बाजूला गवतात लहान, न कोरलेले दगड आहेत का? बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना पवित्र जमिनीत जागा मिळत नसे. पडक्या चर्चच्या आवारात लोक त्यांना गुपचूप पुरत, खुणेला एखादा साधा दगड. अशा जागेला इथे ‘किलीन’ म्हणतात.

मेघना_क्लेअर
नकाशावर चर्च सापडलं. हेरिटेज ऑफिसरशी बोलले, त्या स्वतः येऊन बघणार आहेत. विणीचा मुद्दा समितीने लगेच मान्य केला. आता त्या शनिवारी फक्त वाटेवरचं गवत कापायचं आणि शिळांचे फोटो घ्यायचे. सिमेंटवरून एक आजोबा नाराज झाले, त्यांनी पोतं आणूनही ठेवलं होतं. उद्या त्यांना घेऊन टॉर्चने त्यांच्या पणजोबांची शिळा वाचणार आहे.

आणि हो, उत्तरेच्या भिंतीलगत दगड आहेत. सतरा मोजले, सगळे ओंजळीत मावतील एवढे. गवत कापायचं यंत्र तिथूनच फिरवणार होते. मी आत्ताच त्या माणसाला फोन केला. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, माझ्या आजीचं एक तिथे आहे.