प्रवासाची चटक तुम्हाला कुठे लागली? (सातारा-सांगलीकरांचे अनुभव)

धागाकर्ता, सातारा

गेल्या दिवाळीत पुण्याच्या पाहुण्यांनी हट्ट धरला म्हणून लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीला गेलो. साताऱ्यात जन्म गेला, विहीर घरापासून अर्ध्या तासावर, आणि तिच्या पायऱ्या उतरलो पन्नाशीत. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली. नाव बारा मोटांचं, जागा पंधरा मोटांची, आणि विहिरीच्या पोटात चक्क छोटासा महाल! पाहुणे मलाच माहिती विचारत होते आणि मी खांबांकडे बघत वेळ मारून नेत होतो. तेव्हापासून दर महिन्याला जवळचं एक तरी न पाहिलेलं गाव, असं सुरू आहे.

तुमचं कसं झालं? हॉटेल-बुकिंगची माहिती नको, ती कुठेही मिळते. पहिली वेळ सांगा. फजिती झाली असेल तर आधी ती.

विट्याची सून

आमच्याकडे प्रवास हा शब्दच नव्हता. 'दुकानावर जाणं' म्हणायचे. खानापूर-आटपाडीकडची निम्मी घरं गलाईवर चालतात, हे इथल्यांना सांगायला नको. देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा, सोनं गाळणारा आपल्याकडचा निघतोच. २००३ साली लग्न झालं आणि पंधराव्या दिवशी मिरजेहून राणी चन्नम्मात बसले. बंगळुरूत गाडी बदलून कोइमतूर. रडून रडून डोळे सुजले होते.

पहिले सहा महिने आटणी, म्हणजे सोनं गाळायची जागा, खाली आणि आम्ही वर माडीवर. ॲसिडच्या वासानं जेवण जायचं नाही. तमिळ शिकले ते आकड्यांपासून, कारण भाजीवाली बोटांवर मोजायला कंटाळली. शेजारच्या अक्कांनी दारातलं कोलम शिकवलं, मी त्यांना पुरणपोळी शिकवली. (त्यांनी त्यात नारळ घातलाच.) मग एका रविवारी त्यांच्यासोबत मरुदमलैच्या देवळात गेले, दुसऱ्या रविवारी एकटी. बसचा नंबर हातावर लिहून.

खरा धक्का पुढे आहे. ह्यांना तिथं नऊ वर्षं झाली होती, पण उटी पाहिलं नव्हतं! दुकान, खोली, आणि वर्षातून एकदा जत्रेला गाव. निम्मा हिंदुस्थान फिरलेली म्हणून मिरवणारी आमची माणसं फक्त सराफकट्टे ओळखतात, हे मला तेव्हा कळलं. मीच मेट्टुपालयमहून डोंगरातल्या त्या छोट्या गाडीत त्यांना बसवलं. रुळांच्या मधे दातेरी पट्टी असते, तिला धरून गाडी चढते. हे पूर्ण वाट खिडकीबाहेर डोकं काढून होते, लहान पोरासारखे. आता सुट्टीचं मी ठरवते, पैसे ते देतात.

हाफतिकीट, सांगली

माझी गोष्ट १७ मार्च २०२३ ची. त्या दिवसापासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तोवर मी नरसोबाच्या वाडीच्या पुढे गेले नव्हते, वाडीलाही जायचे ती पौर्णिमेला, चार जणींच्या घोळक्यात. पुढच्याच आठवड्यात ठरवलं, सज्जनगड. मुलाला फक्त 'जाऊन येते' सांगितलं.

कऱ्हाडला उतरून घाईघाईत समोरच्या गाडीत चढले. गाडी सुटल्यावर कंडक्टर म्हणाला, "मावशी, ही पाटणची." मी म्हटलं, "मग पाटणचंच द्या." उतरायची लाज वाटली, दुसरं काही नाही. पाटणच्या स्टँडवर चहा घेतला, भजी खाल्ली. शेजारी बसलेल्या बाईनं भूकंपाची हकीकत सांगितली, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची. तेव्हा त्या पाच वर्षांच्या, आईनं गोधडीसकट उचलून बाहेर आणलं होतं. दोन तास कसे गेले कळलं नाही. गाड्या दोन चुकल्या.

घरी आल्यावर मुलानं विचारलं, "कंदी पेढे?" म्हटलं, "संपले होते." आजवर त्याला खरं सांगितलेलं नाही. सज्जनगड पुढच्या महिन्यात झाला, साताऱ्याची पाटी दोनदा वाचून. आता घरी विचारायची सवयही गेली आहे, नुसतं कळवते.

जावळीकर

थोडक्यात. मित्रांसोबत वासोटा किल्ल्यावर गेलो, रील काढायला. बामणोलीहून बोट, तासाभराच्या वर पाणी. वनखात्याचे लोक पिशव्यांतलं प्लास्टिक मोजून घेतात, परतताना पुन्हा मोजतात, ते मला आधी जाचक वाटलं होतं. आम्ही बोटीत स्पीकर लावला. बोटवाल्या दादांनी तो बंद करायला लावला नाही, फक्त मधेच हात दाखवून म्हणाले, "हिथं खाली आमच्या आज्याचं घर हाय." कोयनेच्या पाण्यात गेलेल्या गावांबद्दल शाळेत एक ओळ वाचली होती. स्पीकर कोणी बंद केला आठवत नाही. त्यानंतर कुठेही गेलो की आधी तिथल्या माणसाशी बोलतो, मोबाईल नंतर.

निवृत्त कंडक्टर, मिरज

मला नाही लागली चटक. एकतीस वर्षं घंटी मारली, आता ओसरीवरून उठवत नाही. सगळे फिरायला लागले म्हणून आपणही फिरावं असं काही नाही. पण हाफतिकीट ताई, कऱ्हाडला आधी फलाट बघायचा, मग पाटी, मग चढायचं. शंका असेल तर आधी इथं विचारत जा.

हाफतिकीट, सांगली

गुरुवारी औंधला निघतेय, यमाई आणि तिथलं संग्रहालय. विट्यावरून जाऊ की कऱ्हाडवरून, सांगा आता.