प्रेसनोट आम्ही लिहिली, छापून आली तेव्हा कर्ताच बदललेला

हर्णैकडची_लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा प्लीज. मी दापोली तालुक्यातली, किनाऱ्यावरच्या गावातली. आमचा दहा जणींचा बचत गट आहे, सुक्या मासळीचा. बोंबील, सुकट, मांदेली, बांगडा. आधी सगळं दोरीवर नि वाळूवर सुकवायचो, मग एखादं मळभ आलं की अख्खा माल वाया, वर वाळू लागते म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडणार ते वेगळंच. म्हणून यंदा बँकेतून कर्ज काढून सोलर ड्रायर घेतला. कर्जाच्या कागदांवर सह्या आमच्या, दुकानदाराशी घासाघीस आमची, शेडचे पत्रे ठोकताना आमच्यातली एक जण दोन दिवस उन्हात उभी होती. उद्घाटनाला सरपंच बाईंना बोलावलं. प्रेसनोट मी लिहिली, रात्री अकरापर्यंत बसून, सगळ्यांची नावं अकारविल्हे लावून.

छापून काय आलं? "महिला बचत गटास सोलर ड्रायर उपलब्ध करून देण्यात आला." कोणी करून दिला हो? हप्ता आम्ही फेडतोय! पुढे सरपंच बाईंच्या नावाआधी त्यांच्या मिस्टरांचं नाव, "यांच्या प्रमुख उपस्थितीत". मग आमची नावं, प्रत्येकीला सौ. लावून आणि मधे नवऱ्याचं नाव घालून, जे मी लिहिलंच नव्हतं. आमच्यातल्या एकीचे मिस्टर समुद्रात गेले ते परत आले नाहीत, तिला श्रीमती लावलं आणि यादीत शेवटी टाकलं. माझ्या यादीत ती दुसरी होती. शेवटचं वाक्य, "संसार सांभाळून महिलांनी केलेल्या या प्रयत्नाचे मान्यवरांनी कौतुक केले." फोटोखाली "उपस्थित मान्यवर व महिला".

घरी म्हणतात नाव आलं ना पेपरात, मग झालं. पण माझ्या त्या मैत्रिणीने पेपर घडी करून ठेवून दिला, कोणाला दाखवला पण नाही, ते मला लागलंय. मला खरंच विचारायचंय, हा नुसता घाईतला निष्काळजीपणा आहे की आपली भाषाच बायकांना अशी बाजूला सरकवते? आणि पुढची प्रेसनोट कशी लिहू म्हणजे असं होणार नाही?

जुना_डेस्कवाला

ताई, मी बावीस वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर काढली, आता रत्नागिरीत घरीच असतो, त्यामुळे तुमच्या कागदाचं काय झालं असेल ते मला डोळ्यासमोर दिसतंय. संध्याकाळी तालुक्यातून बातम्यांचा ढीग येतो, पान वेळेत सोडायचं असतं, आणि पहिलं काम काय तर "आम्ही" काढायचं. बातमीत आम्ही चालत नाही हे बरोबरच आहे. पण आम्ही काढलं की तिथे गटाचं नाव घालायचं सोडून हात आपोआप "करण्यात आले" वर जातो. ही सगळी सरकारी परिपत्रकाची सवय. रस्ता करण्यात आला, वाटप करण्यात आले, सत्कार करण्यात आला. व्याकरणात काही चूक नाही, पण कोणी केलं हे सांगायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर राहत नाही. आणि कर्त्याची जागा मोकळी ठेवली की जो हार घालून पुढे बसलाय त्याचंच ते काम, असं वाचणारा धरून चालतो.

तुमच्या बातमीत निदान कौतुक तरी होतं. गुन्ह्याच्या बातम्यांत हेच जास्त वाईट होतं. "एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला", हे हेडिंग मी स्वतः कितीदा दिलं त्याची मोजदाद नाही. मुलगी नाही म्हणाली म्हणून कोयता घेऊन गेलेल्या माणसाच्या मनात जे होतं त्याला आम्ही प्रेम म्हणून मोकळे झालो. पोलिसांकडून आलेल्या माहितीत तोच शब्द असायचा, आम्ही तसाच उचलायचो. आज ते आठवलं की लाज वाटते. तसंच "विवाहितेची आत्महत्या". पुरुष गेला तर तो शेतकरी, रिक्षाचालक, खलाशी, निदान तरुण तरी असतो. बाई शिक्षिका असो की काजू फॅक्टरीत कामाला, हेडिंगात ती विवाहिता. तिच्याबद्दलची पहिली माहिती म्हणजे तिचं लग्न झालेलं आहे की नाही. आणि "विनयभंग झाला". जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३५४ कलमात हाच शब्द होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात कलम ७४ झालं, शब्द तोच. कृत्य त्याचं आणि भंगलं काय तर तिचा विनय.

आता तुमच्या कामाचं. पहिल्याच वाक्याची सुरुवात गटाच्या नावाने करा आणि क्रियापद "घेतला" ठेवा. "अमुक गटाने बँकेचे इतक्या रुपयांचे कर्ज काढून सोलर ड्रायर घेतला." आकडा नक्की घाला. आकडा असलेलं वाक्य मोडायला उपसंपादक बिचकतो, कारण चुकलं तर निस्तरावं त्यालाच लागतं. हेडिंग स्वतःच देऊन ठेवा, घाईच्या वेळी तयार हेडिंग सोन्यासारखं वाटतं. आणि फोटो एकच पाठवा, पाहुणे यायच्या आधीचा, ड्रायरजवळचा, खाली डावीकडून सगळ्यांची नावं. दुसरा फोटो दिला की दुसराच लागतो.

गुहागर_वरचा_पाट

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माझं वय एकोणसत्तर. मला सौ. लावलेलं आवडतं. लग्नाला पन्नास वर्षं होतील, ते एक अक्षर मी अभिमानाने मिरवते. पेपरवाल्याने मान दिला म्हणून लावलं असेल, त्यात कमीपणा कसला? प्रत्येक शब्द असा सोलत बसलं तर बोलायचं कसं? ड्रायर चालला, मासळी विकली गेली, पोरांची फी भरली, ते महत्त्वाचं. आमच्या वेळी बायकांची नावं पेपरात यायचीच नाहीत हो.

सर्जेकोटकरीण

काकी, तुमका सौ. आवडता तर तुम्ही लावा, त्याबद्दल कोणाचा काय म्हणणा नाय. पण यादीत एका बाईला सौ. लावलं की तिच्या शेजारची आपोआप उघडी पडते ना. श्री. मध्ये बायको आहे की गेली की लग्नच केलं नाही, काय कळत नाही. आमच्याकडे लग्नाची पत्रिका आली की मी बघतेच, नवरा नुसता चि., नवरी चि. सौ. कां., आणि आजी असली तर गं. भा. एप्रिल २०२३ मध्ये मंत्र्यांनी विधवांसाठी गंगा भागीरथी शब्द वापरायचा प्रस्ताव पुढे केला होता तेव्हा केवढा गदारोळ झालेला आठवा, शेवटी असा काही निर्णय झालेला नाही म्हणून सांगावं लागलं. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला होता. म्हणजे ज्या बाईचं कुंकू पुसायचं नाही असं गाव ठरवतं तिला कागदावर मात्र वेगळं काढायचं, हे कसं जमायचं.

माझी आई मालवणच्या बाजारात चाळीस वर्षं मासे विकत होती. आता सांगा, सभागृहात दंगा झाला की पेपरात काय येतं? "विधानसभेचा झाला मासळी बाजार". आरडाओरडा करणारे बहुतेक सगळे बाप्ये, पांढऱ्या कपड्यातले, आणि नाव खराब कोणाचं तर माझ्या आईचं! तिचा आवाज मोठा होता, असायलाच हवा, बाजूला पंधरा जणी बसलेल्या आणि गिऱ्हाईक दोन मिनिटात पुढे जातं. पण ती उगीच ओरडत नव्हती. समोरच्याला पारखायची. नवी सून आली की "घे गो बाय, साफ करून देतंय, शिकशीत हळूहळू". चाकरमानी आला की "मुंबयक बर्फातला खातास मां, आज ताजा खावन बघ". हॉटेलवाला आला की एक शब्द जास्त नाही, नुसता दर सांगून दुसरीकडे बघायची, मग तो स्वतःच वाढवायचा. एवढं समजून बोलणारी बाई, आणि भाषेत तिचं काय उरलं तर "कोळणीसारखी भांडते".

तसंच ते बांगड्यांचं. अधिकाऱ्याने काम केलं नाही की आंदोलक टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवतात आणि फोटो छापून येतो. त्यात पुष्कळदा बायकाच पुढे असतात. तो फोटो बघितला की मला आईचा हात दिसतो, कोपरापर्यंत खवले आणि हिरव्या बांगड्या. त्या हातात काय कमी होतं म्हणून ती शिवी झाली?

आणि एक गंमत नाही, दुखणंच आहे. मालवणीत झील इलो (मुलगा आला), बायल इली (बायको आली), पण चेडू इला (मुलगी "आलं"). लग्नाआधी पोरगी नपुंसकलिंगी, "ता", म्हणजे ते. प्रेमाने म्हणतात, माझी आजी मला शेवटपर्यंत तसंच म्हणायची आणि मला ते गोड लागतं, मी ते सोडणार नाही. पण ग्रामसभेत मी उठून बोलले तेव्हा मागून एकाने "ता काय सांगता बघा" म्हटलं तेव्हा तोच शब्द कानाला वेगळा लागला.

चिपळूणची_मास्तरीण

सर्जेकोटकरीण, शेवटचं वाचून अंगावर काटा आला. मी माझ्या नावापासूनच सुरू करते. मी शाळेत शिकवते म्हणून मास्तरीण. माझ्या सासूबाई शाळेची पायरी चढल्या नाहीत, सासरे मास्तर म्हणून त्याही मास्तरीण. पाटलाची ती पाटलीण, नाखव्याची ती नाखवीण. आपल्याकडे हा ईण लागला की त्यात काम करणारी आणि बायको दोन्ही एकत्र होतात, वेगळं काढायला जास्तीचं वाक्य लागतं. उलट बाजूने बघा, शिक्षिकेच्या नवऱ्याला कोणी काही म्हणत नाही. फक्त एका ठिकाणी म्हणतात, "सरपंच पती". महाराष्ट्रात २०११ ला पंचायतीत बायकांचं आरक्षण ५० टक्के झालं आणि हा शब्द पेपरात रुळला, बिनपदाच्या माणसाला छापील पद मिळालं. हर्णैकडच्या ताई, तुमच्या बातमीतले मिस्टर असेच आत आले.

अजून एक सांगते कारण आपण नेहमी म्हणतो बायका बिचकत बोलतात. १९७०च्या दशकात रॉबिन लॅकॉफ या अमेरिकन भाषाअभ्यासक बाईंनी मांडलं होतं की बायकांच्या बोलण्यात "असं वाटतं", "नाही का?" अशी शेपटं जास्त असतात. मग १९८० मध्ये ओबार आणि अ‍ॅटकिन्स यांचा अभ्यास आला, नॉर्थ कॅरोलिनातल्या कोर्टात साक्षीदार कसे बोलतात यावर. त्यांना दिसलं की तसं बोलणं बाई की पुरुष यापेक्षा माणसाची पत काय आणि कोर्टाची सवय किती यावर जास्त अवलंबून होतं. तज्ज्ञ म्हणून आलेल्या बायका ठाम बोलत होत्या, कमी पत असलेले पुरुष चाचरत होते. तुमच्या आईचं बघा ना, बाजारात तिची पत होती, तिथे तिला "असं वाटतं" म्हणायची गरजच नव्हती. तीच आई बँकेच्या काउंटरवर कशी बोलायची ते तुम्हीच सांगू शकाल.

पटवायची भाषा पण बघा. आमच्या गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा जाते, साड्यांचा सेल असला की "माता भगिनींनो", खताचं काही असलं की "शेतकरी बंधूंनो". कोकणात भाताची लावणी कोण करतं, कंबरेत वाकून? वादळ आलं की "मच्छीमार बांधवांनी समुद्रात जाऊ नये" हे ठीक, पण सोयी-सवलतींची बातमी आली तरी बांधवच. २०२४ ची लाडकी बहीण योजना घ्या. २१ ते ६५ वयाच्या बायकांना महिन्याला १५०० रुपये, पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे तुमच्या-आमच्या कराचा. पण नावात बहीण आली की त्याची ओवाळणी होते, आणि ओवाळणी घातलेल्या भावाला हिशोब कोण विचारणार? पैसे घेणाऱ्या बायकांबद्दल माझ्या मनात जराही वाईट नाही, माझ्या शेजारणीची बीपीची गोळी त्यातून येते. मला नावाबद्दल बोलायचंय. हक्क असता तर मागता आला असता.

काकी, शब्द बदलून काही होत नाही असं नाही हं. ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने न्यायाधीश-वकिलांसाठी पुस्तिका काढली, त्यात ईव्ह टीझिंग म्हणू नका, रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणा, असं स्पष्ट दिलंय. छेडछाड म्हटलं की थट्टा वाटते, छळ म्हटलं की तक्रार वाटते. आणि आपल्याच राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी आईचं नाव मग वडिलांचं, सरकारी कागदावर. माझ्या नातीचा दाखला मी स्वतः हातात घेऊन वाचला, सुनेचं नाव मधे बघून डोळे भरून आले. तुमच्या दापोलीच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे, १८९३ ला विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने बहिष्कार घातला. त्या गावापासून हर्णै किती लांब आहे?

गुहागर_वरचा_पाट

दाखल्याचं वाचलं. आमच्या घरात पण पणतू झालाय, त्याच्यावर पण आईचं नाव आहे, मी एवढं लक्ष दिलं नव्हतं. सौ. मी सोडणार नाही. पण त्या मुलीचं नाव शेवटी टाकायला नको होतं, ते मला पटलं. यादीत दुसरी होती तर दुसरीच राहायला हवी.

हर्णैकडची_लेक

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. मुरुड आमच्यापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. काकी, तुमचं शेवटचं वाक्य मी गटात वाचून दाखवलं.

काल आमची पहिली मोठी ऑर्डर गेली, दोनशे किलो सुकट नि बोंबील, त्याची नोट लिहिली. डेस्कवाले दादा म्हणाले तशी. पहिलं वाक्य गटाच्या नावाने, "पाठवली" हे क्रियापद, किलोचा आकडा, कर्जाचे किती हप्ते फेडले तो आकडा. नावं नुसती नाव-आडनाव, सौ. श्रीमती काही नाही, आणि खाली वेगळ्या ओळीत "नावे दिल्याप्रमाणेच व याच क्रमाने छापावीत ही विनंती". विनंती लिहू की नको यावर अर्धा तास वाद झाला, मास्तरीणबाई म्हणाल्या तसं शेपूट नको म्हणून. शेवटी तिनेच, यादीतल्या दुसऱ्या नावाने, पेन घेतलं आणि विनंती खोडून "छापावीत" वर वाक्य संपवलं. फोटो एकच पाठवलाय, पोती शिवतानाचा. तिने स्वतः व्हॉट्सअ‍ॅप केलं वार्ताहराला. दोन निळ्या टिका आल्यात. छापून आलं की इथे टाकते.