गुळाच्या नमुन्यात ग्लुकोजचा पीक दुभंगतोय, नवा कॉलमच खराब म्हणायचा का?

शिरोलीची_लॅबवाली:
नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये आहे. गुऱ्हाळं पेटली की आमच्याकडं रोज गुळाचे नमुने येतात, सुक्रोज ग्लुकोज फ्रुक्टोज वेगवेगळे काढून द्यायचे असतात. हे एचपीएलसीवर करतो, म्हणजे नमुना वाहत्या द्रावणाबरोबर (मोबाइल फेज) पावडर भरलेल्या नळीतून (कॉलम) जातो, एकेक साखर वेगवेगळ्या वेळी बाहेर पडते आणि आलेखावर तिचा उंचवटा (पीक) उमटतो. आधी अमिनो कॉलम होता, एसीटोनायट्राइल पाणी ७५:२५, आरआय (अपवर्तनांक मोजणारा) डिटेक्टर, पीक छान यायचे पण वर्षभरात कॉलम खराब झाला आणि ग्लुकोजची रिकव्हरीपण (घातलेल्यातलं किती सापडतं ते) घसरायला लागली म्हणून यंदा अमाइड कॉलम घेतला, २५० बाय ४.६, ५ मायक्रॉन. मोबाइल फेज तोच, फ्लो मिनिटाला १ एमएल, कॉलमचा ओव्हन ३० डिग्री, गूळ साध्या पाण्यात विरघळवून गाळून २० मायक्रोलिटर इंजेक्ट करते. आता सगळेच पीक पसरट येतायत, पुढच्या अंगानं ओढल्यासारखे, आणि ग्लुकोजला तर दोन शेंडे आलेत, मधे खोलगट. इंटिग्रेशनला (पीकखालचं क्षेत्रफळ मोजायला) रेघ कुठं मारायची तेच कळत नाही. सर म्हणतात कॉलम खराब निघाला, परत पाठव. पाठवायच्या आधी इथं विचारावं म्हटलं. सुक्रोजला मात्र दोन शेंडे नाहीत, पसरट आहे पण एकच आहे.

गोकुळशिरगाव_क्यूसी:
ताई कॉलम लगेच पाठवू नका. नमुना साध्या पाण्यात आहे ना, तिथंच अर्धं दुखणं आहे. अमाइड कॉलमवर हिलिक पद्धत चालते, म्हणजे पॅकिंगच्या अंगाला पाण्याचा पातळ थर धरलेला असतो आणि साखर त्या थरात रेंगाळते म्हणून ती उशिरा येते. आता तुम्ही २० मायक्रोलिटर निव्वळ पाणी आत सोडलं की ते पाणी साखरेला थांबूच देत नाही, थोडी साखर त्याच्याबरोबर पुढं पळते आणि बाकीची मागं राहते. नेहमीच्या सी१८ कॉलमवर पाणी पदार्थ पुढं ढकलायला सगळ्यात कमकुवत, इथं पाणी सगळ्यात जोरकस, हे उलटं गणित डोक्यात बसायला मलाबी वेळ लागला होता. गूळ आधी पाण्यातच विरघळवा कारण नुसत्या एसीटोनायट्राइलमध्ये तो विरघळणारच नाही, मग वरून तेवढंच एसीटोनायट्राइल घालून अर्धं अर्धं करा, थोडा वेळ ठेवा, गूळ करताना घातलेल्या भेंडीचा चिकट अंश आणि प्रोटीन खाली बसेल ते ०.४५ च्या फिल्टरनं गाळा, आणि इंजेक्शन ५ मायक्रोलिटरवर आणा. गुळात सुक्रोज एवढं असतं की आरआयला ५ पण भरपूर होतं, उलट २० मध्ये सुक्रोज ओव्हरलोड होत असणार. फक्त नमुना घट्ट करू नका, १ टक्क्याच्या आसपास ठेवा. साखर जास्त झाली आणि व्हायल गार असली तर एसीटोनायट्राइल आणि पाण्याचे चक्क दोन थर होतात आणि सुई कुठल्या थरातनं उचलते त्यावर तुमचा रिझल्ट ठरतो. आमच्याकडं काकवीच्या नमुन्यात हे झालेलं, दोन दिवस आम्ही ऑटोसॅम्पलरच्या मागं लागलो होतो.

जुना_एचपीएलसीवाला:
वरचं बरोबर आहे पण त्यानं पसरटपणा जाईल, दोन शेंडे जाणार नाहीत. तुम्ही शेवटी जे लिहिलंय ना, सुक्रोजला एकच शेंडा, ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. कॉलममधे पोकळी झाली असती किंवा फ्रिट (कॉलमच्या तोंडाची जाळी) चोंदला असता तर तिन्ही पीक फाटले असते, फक्त ग्लुकोज कसा फाटेल. ग्लुकोज पाण्यात अल्फा आणि बीटा अशा दोन रूपांत असतो, स्थिर झाल्यावर साधारण ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा. अमाइड कॉलम ही दोन रूपं वेगळी धरतो, आणि ३० डिग्रीला एकाचं दुसऱ्यात रूपांतर एवढं संथ असतं की ती वेगवेगळी बाहेर पडतात, वाटेत थोडी अदलाबदल होत राहते म्हणून मधली दरी बेसलाइनला टेकत नाही. सुक्रोजमधे कडं उघडायला जागाच नाही, दोन्ही बाजू एकमेकींत अडकलेल्या, म्हणून तो एकटाच राहतो. फ्रुक्टोज बदलतो पण भराभर बदलतो म्हणून फाटत नाही, नुसता रुंदावतो. आणि जुन्या कॉलमवर हे का दिसलं नाही, तर तिथला अमिनो गट स्वतः अल्कली, तोच हे रूपांतर जोरात करून देत होता. तोच अमिनो गट ग्लुकोजला धरूनपण ठेवतो, तुमची रिकव्हरी त्यानंच खाल्ली असणार.

खात्री करायची तर डेक्स्ट्रोजचं (म्हणजे ग्लुकोजचंच) कोरडं स्टँडर्ड पाण्यात विरघळवा, लगेच थोडं काढून मोबाइल फेजसारखं करून इंजेक्ट करा, मग तेच द्रावण संध्याकाळी परत तसंच करा. पुडीतला डेक्स्ट्रोज बहुतेक अल्फाच असतो त्यामुळं सकाळी एक शेंडा उंच आणि संध्याकाळी दुसरा उंच दिसला तर कॉलमचा काही दोष नाही. उपाय म्हणजे ओव्हनचं तापमान वाढवा, म्हणजे रूपांतर भराभर होऊन दोन्ही शेंडे एक होतील.

शिरोलीची_लॅबवाली:
काका केलं. सकाळी पावणेदहाला पहिला शेंडा दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट, संध्याकाळी सहाला बरोब्बर उलटं, दुसरा वर. प्रिंट घेऊन सरांच्या टेबलावर ठेवलाय, त्यांनी दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात बघितले आणि कॉलम ठेव म्हणाले. आता एक विचारायचंय, एका शोधनिबंधात वाचलं की मोबाइल फेजमधे ०.२ टक्के ट्रायइथिलअमाइन घातलं तरी शेंडे एक होतात. ते सोपं नाही का?

जुना_एचपीएलसीवाला:
होतात, पण आधी तुमच्या कॉलमबरोबर आलेला माहितीचा कागद काढा. साधा सिलिकावरचा अमाइड असेल तर तेवढ्या अल्कलीत सिलिका विरघळायला लागते, नवा कॉलम काही महिन्यांत संपेल. जास्त पीएच झेलणारा हायब्रिड असेल तरच घाला. नाहीतर तापमान हाच सरळ रस्ता, कागदावर ८० डिग्रीची मर्यादा असेल तर ७० पर्यंत बिनधास्त जा. आरआयचा सेल ४० लाच ठेवा आणि तापमान बदललं की बेसलाइन बसायला वेळ द्या.

गोकुळशिरगाव_क्यूसी:
त्यात एक भर, मोबाइल फेज बाटलीतच मिसळा, पंपानं मिसळलेल्यावर आरआयची बेसलाइन नाचते. एसीटोनायट्राइल आणि पाणी वेगवेगळं मोजा, मिसळल्यावर बाटली हाताला गार लागते ती खोलीच्या तापमानाला आली की मगच डिगॅस करून (विरघळलेली हवा काढून) लावा, आणि झाकण घट्ट ठेवा. हिलिकचा कॉलम हळू स्थिर होतो, २० कॉलम व्हॉल्यूम (कॉलममधे मावतो त्याच्या वीसपट मोबाइल फेज) तरी जाऊ द्या, तुमच्या कॉलमला म्हणजे जवळपास तासभर. आम्ही पहिली दोन तीन इंजेक्शनं धरतच नाही.

शिरोलीची_लॅबवाली:
झालं!! कॉलम सिलिकावरचाच निघाला, ट्रायइथिलअमाइनचा नाद सोडला. ओव्हन ७०, नमुना अर्धा अर्धा, ५ मायक्रोलिटर, कॉलम सव्वा तास स्थिर होऊ दिला. ग्लुकोज एकच शेंडा, टेलिंग (शेपटी किती ओढली ते, १ म्हणजे सरळ) १.१५, फ्रुक्टोज पण आवळून आला. पीक थोडे आधी येतायत पण फ्रुक्टोज ग्लुकोज मधली बेसलाइन स्वच्छ आहे. सहा इंजेक्शनांत ग्लुकोजच्या एरियाचा आरएसडी (आकड्यांतली चढउतार) ०.८ टक्के आला. कागलच्या एका गुऱ्हाळाचे चार नमुने आठवडाभर अडकलेले, ते आज रात्रीच लावते. काका आणि दादा, मनापासून आभार.