जीपचं ट्यूनिंग: आकडा पुस्तकाचा धरायचा की मिस्त्रीचा?

पावटन
आजोबांनी डिस्पोजलच्या (लष्कराच्या जुन्या मालाच्या) लिलावात घेतलेली विलीज एमबी, म्हणजे महायुद्धातली लष्करी जीप, आमच्याकडे अजून चालू आहे. (माझं टोपणनाव त्यावरूनच. अमेरिकन लष्कराच्या कागदोपत्री जीप म्हणजे पाव टनी ट्रक.) गेल्या वर्षी एका मिस्त्रीने टॅपेटची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाची) फट मिटवून त्याचा आवाज पार बंद करून दिला. तीन महिने गाडी शिलाई मशीनसारखी चालली आणि मग चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह जळला.
तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. फेब्रुवारी 1944 चं लष्करी मॅन्युअल, टीएम 9-803, एवढंच प्रमाण. टॅपेटची फट 14 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची 20, प्लगची 30, स्पार्क टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर पोचतो त्या बिंदूच्या) 5 अंश आधी, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2. बाकी सगळं ऐकीव.

ग्रीसहात
नाही पटलं. पुस्तकातले आकडे नव्या कोऱ्या इंजिनाचे. तुमचं इंजिन ऐंशी वर्षं झिजलंय. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी पोचवणाऱ्या भागाच्या) शाफ्टला प्ले (ढिलेपणा) असेल तर फीलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) 20 भरलेला गॅप फिरताना 20 राहतच नाही. ते कानालाच कळतं. आणि आमचे मिस्त्री काय म्हणतात माहितीये? "वाजणारं टॅपेट चालतं, मुकं झालं की व्हॉल्व्ह गेला." फटच उरली नाही तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही. तुमच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, यात कानाचा काय दोष?

पावटन
मान्य. पण ज्याला ठाऊक आहे तो कोण, हे व्हॉल्व्ह जळायच्या आधी कसं ओळखायचं? पुस्तक निदान दोनदा विचारलं तरी एकच उत्तर देतं.

साइडव्हॉल्व्ह
एकच देतं? तिथेच तर गोम आहे! टॅपेटला लष्करी पुस्तकात 14 आहे, युद्धानंतरच्या नागरी जीपच्या पुस्तकात 16. महिंद्राच्या सीजे-3बी मधलं हरिकेन इंजिन घ्या: इनटेक (मिश्रण आत घेणारा) व्हॉल्व्ह 18, एक्झॉस्ट 16. तिन्ही 134 घनइंची, तिन्ही 'जीपचं पेट्रोल इंजिन'. लोक व्हॉट्सॲपवर एक पान फिरवतात, त्यावरचं मॉडेलचं नाव कापलेलं. इनटेक व्हॉल्व्ह वर, रॉकर कव्हरखाली असतील तर हरिकेन. सगळेच ब्लॉकच्या कुशीत असतील तर जुनं. आधी हे बघा, मग पान उघडा.
दुसरं म्हणजे आपल्याकडे डिस्ट्रिब्युटर कुठल्याही कंपनीचा असो, त्याला 'डेल्को'च म्हणतात. आता ऑटोलाइटचा पॉइंट गॅप 20 आणि खऱ्या डेल्को-रेमीचा 22. मिस्त्री सांगतो "डेल्कोला बावीस", खोटं बोलत नाही बिचारा, आणि तुमच्या गाडीला मात्र ते लागू नसतं. मी स्वतः दोन वर्षं असा चुकीचा गॅप ठेवून हिंडलोय.

घाटमाथा
पुस्तकवाल्यांसाठी आणखी एक. मी पाचगणीत. व्हॅक्युम गेज (इंजिनाची ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजणारं) लावलं तर आयडलिंगला 14 इंच. पुस्तकी हिशेबाने चांगल्या इंजिनाला 18 तरी हवं, म्हणून पिस्टनच्या रिंगा बदलायला निघालो होतो. वाईच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी हसून गाडी खाली घाट उतरून न्यायला सांगितली. उंचीच्या दर हजार फुटांना गेजवर साधारण एक इंच घटतो आणि पाचगणी चार हजारांच्या वर. इंजिन ठणठणीत होतं!

साइडव्हॉल्व्ह
हा पुस्तकाचा दोष नाही हो. अर्धं पान वाचल्याचा आहे.

ग्रीसहात
बरं, पेट्रोलचं काय? 1944 च्या पुस्तकात ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) नव्हतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्रावर) मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. कार्टर कार्बोरेटरचा आयडल स्क्रू पुस्तकाप्रमाणे लावाल तर गाडी थंडीत फटफटेल. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा जुना रबरी डायफ्रामही (पडदा) गळतो, तो वेगळा खर्च.

पावटन
कार्बोरेटर कानाने लावायला माझी हरकत नाही, तिथे चूक झाली तर फार तर गाडी बंद पडेल. टॅपेट मात्र गेजनेच, थंड इंजिनावर, आणि माझ्या समोर.

ग्रीसहात
एवढं चालेल. आता सांगा, डिस्ट्रिब्युटरवरची कंपनीच्या नावाची पट्टी वाचलीत का? ऑटोलाइट की डेल्को?

पावटन
आत्ताच टॉर्च घेऊन पाहून आलो. कुणीतरी वर काळा रंग मारलाय.

साइडव्हॉल्व्ह
थिनरचा बोळा फिरवा, पट्टी खरवडू नका. आणि कॅप काढलीच आहे तर रोटर काढून शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवा हलला तर 20 की 22 हा वाद नंतर, आधी बुश (शाफ्ट धरणारी बांगडी) बदला.